सातासमुद्रापलीकडची सैन्यभरती : अमेरिकन यादवी युद्धातील परदेशी सैनिक

नोव्हेंबर १८६३ मध्ये अमेरिकेच्या उत्तरेकडील सरकारची ‘केअरसार्ज’ ही युद्धनौका आयर्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील क्वीन्सटाउन बंदरात काही दिवस थांबली. ती बंदर सोडून फ्रान्सच्या किनाऱ्याकडे गेली तेव्हा तिच्यावर त्या परिसरातले सोळा आयरिश पुरुष होते. नौकेवर त्यांची नावे विचारली गेली, वैद्यकीय तपासणीही झाली, अशा जबान्या किनाऱ्यावर नोंदल्या गेल्या. हे लोक आपल्या नकळत नौकेवर लपून बसले होते, असे कप्तान जॉन विन्स्लो यांचे म्हणणे होते. प्रकरण लंडनपर्यंत पोहोचले. ब्रिटनचे परराष्ट्रमंत्री लॉर्ड रसेल आणि अमेरिकेचे लंडनमधील प्रतिनिधी चार्ल्स फ्रान्सिस ॲडम्स यांच्यात पत्रापत्री झाली आणि ७ डिसेंबरला विन्स्लो यांनी त्या सोळा जणांना क्वीन्सटाउनला परत आणून सोडले.

अमेरिकन यादवी युद्धाच्या चार वर्षांत उत्तरेच्या सैन्यात वीस लाखांहून अधिक माणसे दाखल झाली. एवढ्या मोठ्या सैन्यात सोळा खलाशांचा हिशेब तो काय? तरीही दोन बलाढ्य देशांच्या मंत्र्यांना त्यावर महिनाभर खल करावा लागला, कारण एका देशाने दुसऱ्या देशाच्या भूमीवर जाऊन सैनिक भरती करणे हा त्या काळच्या कायद्यात गंभीर गुन्हा होता. हा कायदा काय होता, त्यात फट कुठे होती आणि त्या फटीतून किती गरीब माणसे युद्धात जाऊन पडली, हे समजून घेण्यासारखे आहे.

अमेरिकन यादवी युद्ध एप्रिल १८६१ मध्ये सुरू झाले आणि एप्रिल १८६५ मध्ये दक्षिणेच्या मुख्य सेनेच्या शरणागतीबरोबर जवळजवळ संपले. गुलामगिरी टिकवू पाहणारी दक्षिणेतील अकरा राज्ये संघराज्यातून बाहेर पडली होती आणि राष्ट्राध्यक्ष लिंकन यांचे सरकार त्यांना संघराज्यात राखण्यासाठी लढत होते. १३ मे १८६१ रोजी ब्रिटनने आपण तटस्थ असल्याचा जाहीरनामा काढला. तटस्थ राहायचे म्हणजे दोन्ही बाजूंपैकी कोणालाही सैनिक, लढाऊ जहाजे किंवा लष्करी तळ द्यायचा नाही. आयर्लंड तेव्हा ब्रिटिश राज्याचा भाग असल्याने हे बंधन आयरिश माणसांनाही लागू होते. शिवाय ब्रिटनकडे १८१९ चा ‘परदेशी सैन्यभरती कायदा’ होता. दक्षिण अमेरिकेतील वसाहती स्पेनविरुद्ध उठल्या तेव्हा हजारो ब्रिटिश आणि आयरिश माणसे तिकडे लढायला जाऊ लागली होती. त्यांना आवर घालण्यासाठी तो करण्यात आला होता. परवानगीवाचून परकीय सत्तेच्या सैन्यात दाखल होणे, त्यासाठी देश सोडून जाणे आणि इतरांना तशी फूस लावणे, या तिन्ही गोष्टी त्याने गुन्हा ठरवल्या होत्या.

अमेरिकेचे हातही याच बाबतीत बांधलेले होते. क्रिमियाच्या युद्धात ब्रिटनला सैनिक कमी पडले तेव्हा १८५५ मध्ये ब्रिटिश अधिकाऱ्यांनी अमेरिकेतल्या स्थलांतरितांमधून गुपचूप भरती करण्याचा प्रयत्न केला होता. त्या वेळी अमेरिकेने संताप व्यक्त केला आणि १८५६ मध्ये ब्रिटनचे वॉशिंग्टनमधील राजदूत जॉन क्रॅम्प्टन यांना देशाबाहेर जायला लावले. या घटनेला दहा वर्षेही झाली नव्हती. आता तीच गोष्ट अमेरिका आयर्लंडमध्ये उघडपणे करू लागली असती, तर तिच्या वकिलांना आपलेच जुने युक्तिवाद खोडावे लागले असते. लिंकन यांचे परराष्ट्रमंत्री विल्यम सेवर्ड यांना याची पुरेपूर जाणीव होती आणि त्यांचे पुढचे प्रत्येक पाऊल त्या जाणिवेने बेतलेले दिसते.

इथे एक गैरसमज आधी दूर केला पाहिजे. उत्तरेच्या सैन्यातला साधारण चौथा सैनिक अमेरिकेबाहेर जन्मलेला होता. जर्मन प्रदेशांत जन्मलेले सुमारे दोन लाख आणि आयर्लंडमध्ये जन्मलेले सुमारे दीड लाख सैनिक होते, त्यांशिवाय इंग्लिश, कॅनेडियन, स्कँडिनेव्हियन, हंगेरियन आणि इटालियनही होते. हे आकडे पाहून दक्षिणेतले नेते आणि त्यांचे युरोपातले समर्थक म्हणत, की उत्तरेने भाडोत्री सेना उभी केली आहे. ते खरे नव्हते. या सैनिकांपैकी बहुतेक जण युद्धाच्या आधीच, आयर्लंडमधील बटाट्याच्या दुष्काळानंतर किंवा १८४८ च्या फसलेल्या युरोपीय क्रांत्यांनंतर, अमेरिकेत येऊन स्थायिक झाले होते. त्यांची घरे, दुकाने, मुलेबाळे तिथेच होती. अनेक जर्मन क्रांतिकारकांना गुलामगिरीविरुद्धचे युद्ध हे आपल्याच अपुऱ्या राहिलेल्या लढ्याचे पुढचे पर्व वाटत होते. थॉमस मेहर यांच्यासारख्या आयरिश नेत्यांना इथे मिळालेला युद्धाचा अनुभव उद्या आयर्लंडच्या मुक्तीसाठी कामी येईल अशी आशा होती. हे लोक मनाने त्या युद्धात होते. परदेशातून खास लढण्यासाठी आणले गेलेले लोक वेगळे आणि त्यांची संख्या याच्या मानाने फारच लहान होती.

युद्धाच्या पहिल्या वर्षी तर परदेशी भरतीची गरजच नव्हती. उलट युरोपातल्या अमेरिकी वकिलातींच्या दारात बेकार लष्करी अधिकाऱ्यांची रीघ लागली होती, कारण प्रत्येकाला अमेरिकेत मोठा हुद्दा हवा होता. याच काळात, सप्टेंबर १८६१ मध्ये, बेल्जियममधील अमेरिकी प्रतिनिधी हेन्री सॅनफर्ड हे इटलीचे क्रांतिनायक गॅरिबाल्डी यांना सेनापतिपद देऊ करण्यासाठी काप्रेरा बेटावर गेले. आपल्याला संपूर्ण सैन्याचे सरसेनापतिपद मिळावे आणि गुलामगिरी रद्द केल्याचे जाहीर करण्याचा अधिकार असावा, असे गॅरिबाल्डींचे म्हणणे होते. लिंकन त्या वेळी यातले काहीच देण्याच्या स्थितीत नव्हते आणि बोलणी तिथेच थांबली.

परिस्थिती बदलली ती १८६२ च्या उन्हाळ्यानंतर. लढाया मोठ्या झाल्या, मृतांचे आकडे भयंकर झाले आणि स्वखुशीने येणाऱ्यांचा ओघ आटला. ३ मार्च १८६३ रोजी काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, सक्तीच्या लष्करभरतीचा कायदा केला. वीस ते पंचेचाळीस वयाचे नागरिक आणि नागरिकत्व घेण्याचा इरादा नोंदवलेले परदेशी, सर्वांची नावे यादीत आली. या कायद्याची रचना नीट समजली, की पुढचा सगळा व्यवहार उलगडतो. सरकार प्रत्येक जिल्ह्याला ठरावीक सैनिकांचा कोटा देई. तो कोटा स्वखुशीच्या सैनिकांनी भरला तर त्या जिल्ह्यात चिठ्ठ्या टाकून सक्तीची भरती होत नसे. कमी पडला तर चिठ्ठ्या निघत. चिठ्ठी निघालेल्या माणसाला दोन सुटका होत्या. त्याने ३०० डॉलर भरायचे किंवा आपल्याऐवजी बदली माणूस उभा करायचा. तीनशे डॉलर म्हणजे साध्या मजुराची वर्षभराची कमाई होती. जुलै १८६३ मध्ये न्यूयॉर्कमध्ये चिठ्ठ्या काढायला सुरुवात होताच चार दिवस दंगल पेटली. तिच्यात शंभराहून अधिक माणसे मेली आणि कृष्णवर्णीयांवर अमानुष हल्ले झाले. गरिबांनी मरायचे आणि श्रीमंतांनी पैसे भरून सुटायचे, हा त्या कायद्याविरुद्धचा राग खोटा नव्हता, मात्र तो ज्यांच्यावर काढला गेला त्यांचा त्या कायद्याशी काहीच संबंध नव्हता.

आता गावागावांनी काय केले ते पाहा. आपल्या लोकांवर चिठ्ठी येऊ नये म्हणून त्यांनी वर्गणी आणि कर्ज काढून बाहेरून सैनिक ‘विकत’ आणायला सुरुवात केली. केंद्र सरकार, राज्य, जिल्हा आणि गाव, प्रत्येकाकडून दाखल होणाऱ्या सैनिकाला रोख रक्कम मिळे, तिला बाउंटी म्हणत. १८६४ पर्यंत ती सगळी मिळून काही ठिकाणी सहाशे-सातशे डॉलरच्याही वर गेली होती, तर साध्या सैनिकाचा पगार महिन्याला तेरा डॉलर होता आणि त्याच वर्षी तो सोळा झाला. जुलै १८६४ मध्ये तीनशे डॉलर भरून सुटण्याची सोय सर्वसामान्यांसाठी बंद झाली, तेव्हा बदली माणसाचा भाव आणखी चढला. बदली म्हणून सर्वांत सोयीचा माणूस कोण? ज्याला स्वतःला भरतीची सक्ती लागू नाही असा. नुकताच जहाजातून उतरलेला, अजून नागरिकत्वाचा अर्ज न केलेला परदेशी माणूस या वर्णनात अचूक बसत होता. कायद्याने त्याला सक्तीपासून वाचवले होते आणि त्याच कारणाने बाजारात त्याची किंमत सर्वांत जास्त झाली होती.

जिथे एवढा पैसा असतो तिथे दलाल येतातच. ते सैनिक आणून देत आणि बाउंटीतला मोठा हिस्सा स्वतः ठेवत. न्यूयॉर्कमध्ये स्थलांतरितांना उतरवून घेण्याचे केंद्र ‘कॅसल गार्डन’ येथे होते. त्याच्या आसपासच सैन्यभरतीचे तंबू, दारूचे गुत्ते आणि खानावळी होत्या. आठवडेच्या आठवडे जहाजाच्या तळघरात काढून आलेला, खिशात जेमतेम काही शिलिंग असलेला आणि कोणाला ओळखत नसलेला तरुण बाहेर पडला, की त्याच्यासमोर रोख पैसे मोजले जात. कॅनडाच्या सीमेवरही असाच धंदा चाले. तिथून दारू पाजून माणसे पळवून नेण्याच्या आणि ब्रिटिश छावण्यांतल्या शिपायांना पळून येण्याची फूस लावण्याच्या तक्रारी सतत होत होत्या.

उत्तरेच्या सरकारने परदेशात जाऊन ‘आमच्या सैन्यात या’ असे म्हटले नाही. त्याची आवश्यकताच नव्हती. २० मे १८६२ च्या ‘होमस्टेड’ कायद्याने पडीक सरकारी जमिनीतले १६० एकर, तिथे पाच वर्षे राहून शेती करणाऱ्याला नाममात्र शुल्कात देऊ केले आणि त्यात नागरिकत्वाचा इरादा नोंदवलेल्या परदेशी माणसालाही जागा ठेवली. त्याच वर्षीच्या जुलैमधील कायद्याने सैन्यातून सन्मानाने निवृत्त झालेल्या परदेशी माणसाला केवळ एक वर्षाच्या वास्तव्यावर नागरिकत्व मिळण्याची वाट मोकळी केली. ऑगस्ट १८६२ मध्ये सेवर्ड यांनी युरोपातल्या सर्व अमेरिकी प्रतिनिधींना एकोणिसाव्या क्रमांकाचे परिपत्रक पाठवले. अमेरिकेत शेतात, कारखान्यांत, खाणींत मजुरीचे दर पूर्वी कधी नव्हते एवढे वाढले आहेत, ही माहिती लोकांपर्यंत पोहोचवावी, असा त्याचा आशय होता. सैन्याचे नाव त्यात नव्हते आणि प्रवासखर्च देण्याचा अधिकार सरकारला नाही हेही त्यात स्पष्ट होते. पॅरिसमधील अमेरिकी वाणिज्यदूत जॉन बिगेलो यांनी ते फ्रेंच वृत्तपत्रांतून पसरवले. पत्रकातले विधान खरेच होते, कारण लाखो पुरुष आघाडीवर गेल्यामुळे मजूर खरोखर कमी पडत होते. पण ते वाचून आलेल्या माणसांपैकी काही जण कॅसल गार्डनच्या दारातून थेट सैन्यात जातील, हे सेवर्ड यांना ठाऊक होते. एकीकडे कायदा पाळायचा आणि दुसरीकडे त्याच्या पलीकडचा लाभ पदरात पाडून घ्यायचा, ही त्यांची पद्धत होती. राजनीती म्हणून ती यशस्वी ठरली. तिची किंमत ज्यांनी चुकवली त्यांना मात्र हा सगळा डाव कधी कळला नसावा.

आयर्लंडमध्ये या आवाहनाला जमीन तयारच होती. १८६० पासून सलग काही वर्षे पिके बुडाली होती आणि १८६३ मध्ये अमेरिकेकडे जाणाऱ्या आयरिश माणसांची संख्या आधीच्या दोन वर्षांच्या मानाने झपाट्याने वाढली. इंग्लंडच्या लँकेशायर भागात याहून वेगळे संकट होते. दक्षिणेच्या बंदरांना उत्तरेच्या आरमाराने वेढा घातल्यामुळे अमेरिकी कापूस येणे थांबले, गिरण्या बंद पडल्या आणि १८६२ च्या अखेरीस जवळपास पाच लाख माणसे सरकारी व धर्मादाय मदतीवर जगत होती. त्यांच्यातलेही काही अमेरिकेला निघाले. याच कापूस टंचाईची दुसरी बाजू मुंबईने पाहिली. खानदेश, वऱ्हाड आणि गुजरातच्या कापसाला अभूतपूर्व भाव आला, शहरात पैशाचा पूर आला, प्रेमचंद रायचंद यांच्या काळातली शेअरची लाट उसळली आणि १८६५ मध्ये युद्ध संपल्याची बातमी येताच कोसळली. एकाच वेढ्यामुळे मुंबईचा व्यापारी गडगंज होत होता आणि मँचेस्टरचा विणकर जहाजाची वाट धरत होता.

कायद्यातली खरी फट कुठे होती, ते १८६४ मधील दोन प्रकरणांत स्पष्ट दिसते आणि माझ्या मते या सगळ्या इतिहासाचे मर्म त्या दोन प्रकरणांतच आहे.

पहिले प्रकरण डब्लिनचे. १८६४ च्या सुरुवातीला अमेरिकेहून आलेल्या एका आयरिश दलालाने शंभराहून अधिक मजूर गोळा केले. बॉस्टनजवळच्या चार्ल्सटाउन या गावी पाणीपुरवठ्याचे काम आहे, प्रवासखर्च आम्ही करू, चांगली मजुरी मिळेल, असा करार होता. त्यांच्या हातातल्या कागदावर सैन्याचा उल्लेख नव्हता. मार्चमध्ये जहाज मेन राज्यातील पोर्टलंडला लागले. तिथेच त्यांच्यापैकी काहींना दारू पाजली गेली आणि शुद्धीवर येईपर्यंत ते सैनिक झाले होते. बाकीच्यांना बॉस्टनला नेले. तिथे काम नव्हतेच. राहायला एक रिकामी इमारत, खायला जवळजवळ काही नाही आणि अवतीभोवती भरतीचे अधिकारी, अशा अवस्थेत आणखी बरेच जण दाखल झाले. त्यांतले काही आयरिश सैनिकांच्या अठ्ठाविसाव्या मॅसॅच्युसेट्स रेजिमेंटमध्ये गेले. ही रेजिमेंट त्यानंतर काही आठवड्यांतच युद्धातल्या सर्वांत रक्तरंजित मोहिमेत उतरली. ब्रिटिश अधिकाऱ्यांनी चौकशी केली, वॉशिंग्टनमधील ब्रिटिश राजदूत लॉर्ड लायन्स यांनी प्रश्न उपस्थित केला. पण आयर्लंडमध्ये कोणी भरती झालेच नव्हते. तिथे झाला होता तो मजुरीचा करार. भरतीच्या कागदावर सही झाली ती अमेरिकेत, अमेरिकी कायद्यानुसार आणि निदान कागदोपत्री स्वखुशीने.

१८१९ च्या कायद्यानुसार भरतीच्या हेतूने देश सोडणे किंवा सोडायला लावणे हा गुन्हा होता, हे खरे. अडचण ‘हेतू’ या एका शब्दात होती. मजुराचा हेतू काम करण्याचा होता, म्हणून तो गुन्हेगार नव्हता. दलालाचा हेतू दुसराच असल्याचे सिद्ध करायचे, तर त्याच्या मनातले न्यायालयात मांडायला हवे होते आणि त्याच्या हातात मजुरीचा स्वच्छ करार होता. ज्याला सर्वांत जास्त फसवले गेले त्याच्याच अज्ञानामुळे फसवणारा सुटत होता, कारण माणसाला आधीच सैन्याची कल्पना दिली असती तरच गुन्हा सहज शाबीत झाला असता.

दुसरे प्रकरण जर्मन मजुरांचे. मॅसॅच्युसेट्स हे कापड आणि बुटांच्या कारखान्यांचे राज्य होते. तिथल्या उद्योगपतींना आपले कामगार आघाडीवर पाठवायचे नव्हते आणि राज्याचा कोटा तर भरायचा होता. काही भांडवलदारांनी एकत्र येऊन पैसे घातले आणि त्यांच्या प्रतिनिधींनी हँबर्ग आणि आसपासच्या प्रदेशांतून १८६४ मध्ये सुमारे नऊशे माणसे बॉस्टनला आणली. प्रवासखर्च कंपनीचा, सैनिकाच्या हाती ठरलेली थोडी रक्कम आणि बाउंटीचा उरलेला भाग गुंतवणूकदारांचा, असा तो व्यवहार होता. आपल्याला कशासाठी नेत आहेत हे काहींना निश्चित माहीत होते आणि लष्करात पूर्वी नोकरी केलेल्या काहींनी ते समजून उमजून स्वीकारले होते. आपण मजुरीसाठी निघालो होतो, अशी तक्रार इतरांनी नंतर केली. उतरल्यावर थोड्याच काळात ते राज्याच्या रेजिमेंटमध्ये वाटले गेले आणि व्हर्जिनियात पोहोचले. पस्तिसाव्या मॅसॅच्युसेट्ससारख्या रेजिमेंटमध्ये इंग्रजीतला हुकूमही न समजणारे शेकडो जवान अचानक दाखल झाले. शेजारी लढणारा माणूस काय ओरडतो आहे हे कळत नसताना खंदकातून बाहेर पडण्याचा आदेश पाळायचा म्हणजे काय, याची कल्पना केली तरी अंगावर काटा येतो. जुने सैनिक या नव्या लोकांना तुच्छ लेखत. दोष त्या जर्मन जवानांचा नव्हता.

४ जुलै १८६४ रोजी काँग्रेसने स्थलांतराला प्रोत्साहन देणारा कायदा केला. प्रवासखर्चाच्या बदल्यात बारा महिन्यांपर्यंतची मजुरी आगाऊ लिहून देण्याचे करार त्याने वैध केले. त्याच कायद्यात असेही लिहिले, की नव्याने आलेल्या माणसाने नागरिकत्व घेण्याचा इरादा स्वतःहून जाहीर केल्याशिवाय त्याच्यावर चालू युद्धात लष्करी सेवेची सक्ती होणार नाही. सरकारलाही कायद्यात तसे स्पष्ट लिहावे लागले, यावरून युरोपात भीती किती पसरली होती ते समजते. पण सक्ती हा मूळ प्रश्नच नव्हता. उपाशी माणसासमोर ठेवलेल्या पैशाला या कायद्यातले एकही कलम रोखत नव्हते.

दक्षिणेचे सरकार या भरतीकडे पाहून अस्वस्थ होते. त्यांची बंदरे वेढ्यात होती, पैसा नव्हता आणि देण्यासाठी जमीनही नव्हती. म्हणून त्यांनी माणसे आणण्याऐवजी येणारी माणसे थांबवण्याचा मार्ग धरला. १८६३ मध्ये परराष्ट्र खात्याचे प्रमुख जुडा बेंजामिन यांनी आधी आयर्लंडमध्ये जन्मलेले लेफ्टनंट जेम्स कॅपस्टन यांना आणि मग फादर जॉन बॅनन यांना आयर्लंडला पाठवले. बॅनन हे दक्षिणेच्या मिझुरी तुकडीचे कॅथलिक धर्मगुरू होते, आघाडीवर राहिले होते आणि मिसिसिपी नदीवरील व्हिक्सबर्ग शहराच्या पाडावात कैद होऊन सुटले होते. कायदा मोडायचा नाही, खोटे बोलायचे नाही, फक्त लोकांना तिथली स्थिती सांगायची, अशी त्यांना सूचना होती. बॅनन यांनी पत्रके छापली, ती बंदरांतल्या खानावळींत लावली आणि गावोगावच्या धर्मगुरूंकडे पाठवली. डिसेंबर १८६२ मध्ये व्हर्जिनियातील फ्रेडरिक्सबर्गच्या टेकडीवर मेहर यांच्या आयरिश ब्रिगेडची जवळपास निम्मी माणसे एका दुपारी कशी कापली गेली, उत्तरेत कॅथलिकांविरुद्ध पूर्वी कशा दंगली झाल्या होत्या, याची ते आठवण देत. पुढे ते रोमलाही जाऊन आले. पोप नववे पायस यांनी डिसेंबर १८६३ मध्ये दक्षिणेचे अध्यक्ष जेफरसन डेव्हिस यांना सन्मानपूर्वक संबोधणारे पत्र लिहिले होते. बॅनन यांनी त्याचाही प्रचारासाठी उपयोग केला.

बॅनन यांची पत्रके फ्रेडरिक्सबर्गबद्दल खरे सांगत होती. मात्र ते ज्या सरकारचे प्रतिनिधी होते ते सुमारे पस्तीस लाख माणसांना गुलामगिरीत ठेवण्यासाठी लढत होते, याविषयी त्या पत्रकांचे मौन होते. त्यांचा परिणाम काही धर्मगुरूंवर झाला असेल, पण गलबते रिकामी जाऊ लागली नाहीत. घरात पीठ नसलेल्या माणसाला दूरच्या धोक्याची भीती दाखवून थोपवता येत नाही. बॅनन स्वतः अमेरिकेला कधीच परतले नाहीत. ते आयर्लंडमध्येच जेझुइट झाले आणि १९१३ मध्ये डब्लिनमध्ये वारले.

समुद्रावर मात्र दक्षिणेनेही परदेशी माणसे भरती केली आणि तिथे फट तीच होती. इंग्लंडमधील बर्कनहेडच्या लेअर्ड गोदीत बांधलेली ‘अलाबामा’ ही नौका जुलै १८६२ मध्ये व्यापारी जहाज म्हणून निघून गेली. अझोर्स द्वीपसमूहाजवळ तिच्यावर तोफा चढवल्या गेल्या. २४ ऑगस्टला कप्तान राफेल सेम्स यांनी पोर्तुगीज हद्दीबाहेर, खुल्या समुद्रात, दक्षिणेचे निशाण फडकावले आणि लिव्हरपूलहून आलेल्या खलाशांसमोर भाषण केले. पगार इंग्लिश दराच्या दुप्पट, तोही सोन्यात आणि पकडलेल्या जहाजांच्या किमतीत वाटा. खलाशांनी घासाघीस केली आणि त्यांच्यातल्या बहुतेकांनी सही केली. ही सही ब्रिटिश भूमीवर झाली नाही, एवढ्याने त्या वेळी काम भागले. या नौकेने पुढे पासष्टच्या आसपास अमेरिकी जहाजे पकडली. जानेवारी १८६४ मध्ये ती आपल्या मलबार किनाऱ्यावर आली होती, तिथे तिने ‘एमा जेन’ हे जहाज जाळले आणि त्यावरच्या लोकांना त्रावणकोरातल्या अंजेंगो येथे उतरवले. १९ जून १८६४ रोजी फ्रान्सच्या शेरबूर बंदराबाहेर तिला बुडवले ते क्वीन्सटाउनहून सोळा माणसे घेऊन गेलेल्या त्याच ‘केअरसार्ज’ने.

दुसरी नौका ‘शेनान्डोआ’. ती २५ जानेवारी १८६५ रोजी दुरुस्तीसाठी ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्नला आली. तिथे स्थानिक माणसे तिच्यावर दाखल होत असल्याची कुणकुण पोलिसांना लागली. त्यांनी झडती मागितली आणि कप्तान जेम्स वॉडेल यांनी युद्धनौकेची झडती घेता येत नाही म्हणून नकार दिला. फेब्रुवारीत नौका निघाली तेव्हा बेचाळीस माणसे आत लपलेली होती आणि बंदराबाहेर पडल्यावर ती बाहेर येऊन दाखल झाली. या वाढलेल्या खलाशांच्या बळावर तिने बेरिंग समुद्रात अमेरिकेची देवमासे पकडणारी जहाजे जाळली. तोपर्यंत दक्षिणेची मुख्य सेना शरण जाऊन आठवडे उलटले होते.

युद्धानंतर अमेरिकेने या नौकांनी केलेल्या नुकसानीचा दावा ब्रिटनवर लावला. जिनिव्हा येथील लवादाने सप्टेंबर १८७२ मध्ये ब्रिटनला १ कोटी ५५ लाख डॉलर सोन्यात भरायला लावले. ‘शेनान्डोआ’च्या बाबतीत लवादाने काढलेली रेषा आपल्या विषयासाठी फार महत्त्वाची आहे. मेलबर्नला पोहोचण्याआधी तिने जे केले त्यासाठी ब्रिटन जबाबदार नाही, मेलबर्न सोडल्यानंतर तिने जे केले त्यासाठी आहे, असा निर्णय झाला. तिथे तिच्यावर माणसे भरती होऊ दिली गेली, हे त्याचे एक प्रमुख कारण होते. आपल्या बंदरात दुसऱ्याच्या युद्धासाठी माणसे भरती होऊ देणाऱ्या देशाला त्याची भरपाई करावी लागते, हे तत्त्व त्यामुळे आंतरराष्ट्रीय व्यवहारात रुजले.

जहाजांच्या मालकांना भरपाई मिळाली. डब्लिनच्या मजुरांचे किंवा हँबर्गच्या जवानांचे दावे त्या लवादापुढे नव्हतेच. युद्धकाळात ब्रिटिश प्रजाजनांच्या आणि त्यांच्या आईवडिलांच्या तक्रारी लॉर्ड लायन्स यांच्या कचेरीत मोठ्या संख्येने येत. मुलगा अल्पवयीन असेल किंवा दाखल होताना शुद्धीवर नसल्याचा पुरावा असेल, तर कधीकधी सुटका होई. बाकीच्यांना तुम्ही सही केलेली आहे, एवढेच उत्तर मिळे.

ब्रिटनने १८७० मध्ये फ्रान्स आणि प्रशिया यांच्यात युद्ध पेटताच जुना कायदा बाजूला ठेवून परदेशी सैन्यभरतीचा नवा कायदा केला. त्यात जहाजबांधणीबद्दलची कलमे ‘अलाबामा’च्या अनुभवातून आली होती. सहावे कलम मात्र दलालांसाठी आहे. कामाच्या स्वरूपाबद्दल खोटी माहिती देऊन एखाद्याला देशाबाहेर जायला किंवा जहाजावर चढायला लावणे, आणि त्यामागे त्याने परकीय सैन्यात दाखल व्हावे असा उद्देश असणे, हा त्या कलमाने स्वतंत्र गुन्हा ठरवला. जाणाऱ्या माणसाला काय ठाऊक होते, हा प्रश्न तिथे आड येत नाही. फसवणाऱ्याने त्याला काय सांगितले, ते पाहिले जाते. हा कायदा ब्रिटनमध्ये आजही अमलात आहे.